कॅनॉलच्या कडेनं सायकल: जेजुरी, मोरगाव, लोणी भापकर, नीरा

पुरंदर-बारामतीकडं कच्च्या रस्त्यानं सायकल चालवायला जायचं म्हटलं की बहुतेक जण टायर कोणता आणि हँडलबार कसला इथून सुरू करतात. ते नंतर बघू. आधी या मुलखात पाणी कुठून कुठं जातं ते डोक्यात बसवा. तेवढं बसलं की मोबाईलची बॅटरी संपली तरी घरी पोचाल.

इथं नद्या दोन. कऱ्हा गराड्याच्या डोंगरात उगवते आणि सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती करत सोनगावला नीरेला मिळते. वर्षातले बरेच महिने ती नावालाच नदी असते. नीरा भोरच्या डोंगरातून येते, भाटघर आणि वीर धरणांचं पाणी घेऊन. पुणे आणि सातारा जिल्ह्यांची हद्द बराच काळ तीच सांभाळते. या दोन नद्यांच्या मधल्या रानातून तिसरं पाणी जातं, ते माणसानं खोदलेलं: नीरा डावा कालवा. १८७६-७८ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला ज्वारी-बाजरी आणि मोकळा माळ. बारामती तालुक्याचे बागायती आणि जिरायती असे दोन भाग लोक आजही मानतात, आणि त्यांच्या मधली रेघ म्हणजे हा कालवा. इथं सांगतोय ती फेरी या रेघेच्या दोन्ही बाजू दाखवते. जाताना कऱ्हेकाठचा जिरायती भाग, येताना कालव्याकाठचा बागायती.

माझे वडील या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे शेतांना पाणी वाटून द्यायचं काम. दांडीच्या काळ्या सायकलवर, कॅरिअरला फावडं बांधून, पाळीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दिवसांत रात्री-अपरात्री फाटे (कालव्यातून निघणारे छोटे पाट) बघत फिरायचे. त्यामुळं कालव्याचा भराव ही सायकल चालवायची जागा आहे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आता त्याच भरावावरून लोक लाखाची सायकल घेऊन येतात. हरकत नाही, फक्त भराव कसा वाचायचा ते शिकून या.

कालवा कसा वाचायचा

कालव्यातलं पाणी पंपानं चालत नाही, उतारानं चालतं, आणि तो उतार इतका कमी ठेवलेला असतो की डोळ्याला दिसत नाही. म्हणून कालवा सरळ जात नाही. टेकाड आलं की वळसा घालतो, ओढ्याचं खोरं आलं की आत शिरून परत बाहेर येतो. नकाशावर चार किलोमीटर दिसणारं अंतर भरावावरून सहा-सात भरतं. पण चढ नाही. दमलेल्या माणसाला हे सौदा करण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट दिशेची. हा डावा कालवा, म्हणजे पाण्याच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं तर नदी कायम उजव्या हाताला आणि माळ कायम डाव्या हाताला. आपल्या फेरीत तुम्ही पाण्याच्या उलट, पश्चिमेला, नीरा गावाकडं जाणार. तेव्हा डावीकडं ऊस आणि उजवीकडं माळ. मधेच भराव सोडून उसातून गोल फिरून आलात आणि पुन्हा कालवा लागला, तर आधी पाण्यात एक काडी टाका. ती तुमच्या समोरून येत असेल तर बरोबर चाललात. तुमच्याबरोबर चालली असेल तर बारामतीला निघालात.

गावात विचारताना पूर्व-पश्चिम विचारू नका. 'कॅनॉलच्या वरल्या अंगाला का खालल्या अंगाला?' असं विचारा, लगेच नीट उत्तर मिळतं. अंतर मात्र विचारण्यात अर्थ नाही. 'हे काय, हितंच' याचा अर्थ पाचशे मीटरपासून पाच किलोमीटरपर्यंत काहीही होतो.

सायकल चालवण्यासारखा रुंद भराव सहसा नदीच्या बाजूचा असतो, कारण उताराकडं माती टाकून बांध घातलेला असतो आणि खात्याची जीप त्यावरूनच फिरते. वरच्या बाजूला बरेचदा नुसती पायवाट, तीही वेड्या बाभळींनी खाल्लेली. बाभळीनं रस्ता अडवला की झटापट करत बसू नका. कालव्यावर ठरावीक अंतरानं पूल असतात. मागं फिरा, पलीकडं जा, किंवा खालच्या पाणंदीत उतरून पुढच्या पुलाला परत चढा.

ओढा येतो तिथं थांबून खाली उतरून बघा, घाई करू नका. कालवा ओढ्याच्या डोक्यावरून दगडी कमानींवर जातो. काळ्या बसाल्टचे घडीव चिरे, सांध्यांत पांढरा पडलेला चुना, कमानीच्या पोटातून थेंब-थेंब पाझर, आणि त्या ओलीवर भर एप्रिलमध्येसुद्धा हिरवं शेवाळ आणि पिंपळाची रोपं. खाली ओढ्यात बाई धुणं धुते आहे आणि तिच्या डोक्यावरून अख्ख्या तालुक्याचा ऊस पोसणारं पाणी चाललंय. अशा बांधकामाच्या कठड्यावरून सायकल न्यायचा मोह काही जणांना होतो. नेऊ नका. उतरा, हातात धरा.

आणि पाण्यात उतरू नका, हे एकदाच पण ठासून सांगतो. आवर्तन सुटलेलं असतं, म्हणजे पाळीचं पाणी सोडलेलं असतं, तेव्हा कालवा वरून संथ दिसतो, आतून ओढतो. जिथं काँक्रीटचं अस्तर केलंय तिथं तिरक्या कडेवर शेवाळ धरतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. अस्तरीकरणावरून इथं शेतकऱ्यांचा बराच विरोध झालेला आहे, कारण कालव्याच्या पाझरावर खालच्या विहिरी जगतात. चहाच्या टपरीवर हा विषय काढलात तर अर्धा तास मोडेल, पण ऐकण्यासारखं ऐकायला मिळेल.

हा भराव सार्वजनिक रस्ता नाही, जलसंपदा खात्याचा आहे. कर्मचारी भेटला आणि पुढं काम चालू आहे, जाऊ नका म्हणाला तर वाद न घालता खाली उतरा. कालवा कोरडा असतो तेव्हा दुरुस्त्या निघतात आणि पोकलेननं भराव उकरून ठेवलेला असतो. पाणी सुटलंय की नाही ते स्थानिक पेपरात आवर्तनाच्या बातमीत येतं, नाहीतर कुठल्याही शेतकऱ्याला पाळी कधी आहे ते तोंडपाठ असतं.

कधी यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी बोचरी थंडी, दहानंतर ऊन, हवा कोरडी. अडचण एकच, हाच साखर कारखान्यांच्या गाळपाचा हंगाम. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, टेपवर गाणी कानठळ्या बसतील एवढी. ड्रायव्हरला तुमची घंटा ऐकू येणार नाही आणि मागचं दिसणार नाही. ओव्हरटेक करायचं नाही. समोरून आला तर रस्ता सोडून उभं राहायचं, मागची ट्रॉली पुढचीपेक्षा जास्त झोके खाते हे लक्षात ठेवून.

पावसाळ्यातही येता येतं, कारण हा भाग पर्जन्यछायेतला आहे. सह्याद्रीत धो-धो कोसळत असताना मोरगावच्या माळावर नुसती भुरभुर असते. पण जमिनीचा पोत बघा. मुरमाच्या रस्त्यावर पाऊस पडून गेला की तो उलट दाबून घट्ट होतो, चालवायला मजा येते. काळ्या रानातली पाणंद मात्र ओली असेल तर शंभर मीटरसुद्धा जाऊ नका. ती माती टायर आणि फ्रेमच्या मधे थरावर थर बसते, चाक फिरायचं थांबतं, आणि जोर लावलात तर मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर मोडतो. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओल बेताची होऊन माती भुसभुशीत झाल्याशिवाय, कुळव घालत नाही. तुम्हीही वाफसा आल्याशिवाय सायकल घालू नका.

कऱ्हा कोरडी म्हणून तिला गृहीत धरू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदरात एवढा पाऊस झाला की नाझरे धरणातून पाणी सोडावं लागलं आणि थेट बारामतीत नदीकाठची वस्ती हलवावी लागली. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, मग ते घोट्याएवढं का असेना, तर थांबा किंवा दुसरी वाट धरा.

काही दिवस टाळा. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, जेजुरीत पाय ठेवायला जागा नसते. चंपाषष्ठीचंही तेच. मोरगावला चतुर्थी. ज्येष्ठ-आषाढात माउलींची पालखी जेजुरी, वाल्हे, नीरा असा मार्ग धरते. ते बघायला जरूर या, पण सायकल घरी ठेवून.

सायकल आणि सामान

ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली, जाड टायरची) असेल तर उत्तम, नसेल तर साधी एमटीबी किंवा हायब्रिडसुद्धा चालते. टायर ३८ मिलिमीटरच्या खाली नको, ४० ते ४५ सगळ्यात बरं. सत्तर किलोच्या माणसाला ४० च्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढं ३२ आणि मागं ३५ पीएसआय हवा पुरते. ट्यूब असेल तर पाच-सहा पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर मुरमातल्या टोकदार दगडावर रिम आपटून ट्यूबला सापासारखे दोन दात लागतात.

हवेपेक्षा मोठा प्रश्न काट्यांचा. बाभळीचा काटा लांब असतो, तो दिसतो तरी. सराटा दिसत नाही. कालव्याच्या भरावावर आणि माळावर तो पसरलेला असतो आणि एका टायरला एकदम आठ-दहा टोचतो. ट्यूबलेसमध्ये ताजं सीलंट (आतून भोक बुजवणारा द्रव) भरून या. सहा महिन्यांपूर्वी भरलेलं आत वाळून पापुद्रा झालेलं असतं. ट्यूब वापरणाऱ्यांनी दोन जादा ट्यूब, पॅच आणि चांगला पंप घ्यावा. गावातल्या पंक्चरवाल्याकडं तुमच्या बारीक व्हॉल्व्हला बसणारं नोझल नसतं, तेव्हा छोटा पितळी अडॅप्टर खिशात असू द्या.

बाकी: दोन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्यांचा पातळ शर्ट (उसाच्या पात्याला करवतीसारखी धार असते), सुटे पैसे, पुढचा-मागचा लाइट. नकाशा आधी उपग्रहाच्या चित्रावरून काढून मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. त्या चित्रात कालव्याकडेची फिकट रेघ स्पष्ट दिसते, रस्त्यांच्या नकाशात ती नसते.

फेरी

एकूण ऐंशी ते शंभर किलोमीटर होतात, भरावावर किती राहता त्यावर कमी-जास्त. सकाळी सहाला जेजुरी सोडली तर संध्याकाळपर्यंत सावकाश परत येता येतं. पुण्याहून गाडीवर सायकल टाकून या, किंवा बोपदेव घाटानं सासवडमार्गे चालवत येऊन आदल्या दिवशी जेजुरीत मुक्काम करा. जेजुरी आणि नीरा ही दोन्ही पुणे-मिरज मार्गावरची स्टेशनं आहेत, त्यामुळं चाकं काढून सायकल पिशवीत घालायची तयारी असेल तर रेल्वेचाही पर्याय राहतो. गड सकाळीच चढायचा की परत आल्यावर, ते तुमच्या पायांना विचारा. भंडाऱ्याची पूड चेनला लागू देऊ नका एवढंच. तेलात बसली की निघता निघत नाही.

जेजुरीहून मोरगावचा डांबरी रस्ता सतरा किलोमीटरचा आहे. तो सोडून नाझरे धरणाच्या अंगानं कऱ्हा धरायची. नदीच्या दोन्ही काठांनी पाणंदी आहेत, काही पक्क्या झाल्या, काही अजून मुरमाच्या. मधे-मधे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे लागतात. ढापे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकलेले असले की वरच्या बाजूला पाणी तुंबलेलं असतं आणि खंड्या, बगळे, एखादा चित्रबलाकसुद्धा दिसतो. बंधाऱ्याच्या डोक्यावरचा स्लॅब एका माणसापुरता, कठडा नाही, आणि पलीकडून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल येतेच. त्याला आधी येऊ द्या.

नदीकाठी पांडेश्वर लागतं. महादेवाचं देऊळ जुनं, खाली दगड आणि वर विटा. ब्रह्मदेवाचा कमंडलू पांडवांनी कलंडवला आणि त्यातून कऱ्हा वाहिली, अशी इथली कथा. महाराष्ट्रातलं प्रत्येक जुनं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं, पण पांडेश्वराला निदान नावाचा तरी आधार आहे. विटांचं शिखर टिकणं आपल्याकडं सोपं नाही. लांबूनच बघा, वर चढून फोटो काढू नका. सकाळच्या वेळी इथं सहसा पुजारी आणि दोन-चार म्हाताऱ्यांशिवाय कुणी नसतं.

मोरगावात गर्दी असणारच, अष्टविनायकातला पहिला गणपती आहे. देवळाच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार आहेत, लांबून गढीसारखं दिसतं, आणि गणपतीसमोर उंदराबरोबर मोठा नंदी बसलाय. नंदी इथं कसा, याच्या कथा प्रत्येक हारवाल्याकडं वेगळ्या. नाश्ता इथंच उरका, पुढं बराच वेळ धड हॉटेल नाही.

मोरगावपासून उत्तरेला सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांसाठी राखलेलं. नकाशावर त्यातून जाणाऱ्या वाटा दिसतात आणि चाकं शिवशिवतात. तिथं सायकल घालू नका. ते वेगळ्या दिवशी, वनखात्याचं तिकीट काढून बघायचं ठिकाण आहे. चिंकारा तशीही बाहेरच्या माळावर भेटतात. थांबलात तर पळतात, चालत राहिलात तर उभी राहून बघतात.

आपण दक्षिणेला वळायचं, मुर्टीवरून लोणी भापकरला. हा सगळा माळ. रस्त्याला झाड नाही, दुपारी इथं सापडायचं नाही. हिवाळ्यात मेंढपाळांचे वाडे बसलेले असतात आणि वाड्याला कुत्री असतात. ती मेंढरं राखतात, तुमच्याशी त्यांचं वैयक्तिक काही नाही. पण जोरात पायडल मारून पळालात की तुम्ही लांडगा ठरता. उतरायचं, सायकल मधे ठेवायची, आणि लांबूनच हाळी द्यायची, 'ओ मामा, कुत्री आवरा!' मामा नसले तर मामी येतात आणि कुत्र्याऐवजी तुमच्यावरच ओरडतात, इकडून कशाला आला म्हणून. तेही ऐकून घ्यायचं.

लोणी भापकर

या फेरीत एकाच ठिकाणी निवांत बसायचं असेल तर इथं. लोणी भापकर हे आडबाजूचं गाव आहे, कुठल्याही मोठ्या रस्त्यावर नाही, आणि त्यामुळंच वाचलंय. भैरवनाथाच्या देवळाजवळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, मांडून ठेवलेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळात माणूस मरून पडलेला, मधे लढाई, त्यावर अप्सरा त्याला नेताना, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना. एवढे वीरगळ एका गावात आहेत म्हणजे इथं गुरं आणि गाव राखायला माणसं मेली आहेत. माळावरच्या गावाला दुसरं राखण्यासारखं काय होतं?

मग पुष्करणी बघा. चौकोनी, उतरत्या पायऱ्यांची, भिंतींत देवकोष्ठं (मूर्तींसाठीचे कोनाडे). जवळच यज्ञवराह उभा आहे. लोकांना वराह म्हटलं की माणसाच्या धडावर डुकराचं तोंड आठवतं. हा तसा नाही. हा चार पायांवर उभा असलेला अख्खा वराह आहे, दगडाचा, बुटका आणि भरदार. पाठीवर झूल घातलीय आणि त्या झुलीवर ओळीनं विष्णूच्या छोट्या-छोट्या मूर्ती कोरल्यात. जवळ गुडघ्यावर बसा आणि उन्हाच्या तिरप्या बाजूनं बघा, तेव्हा बोटाएवढ्या मूर्तींच्या हातातलं आयुध वेगळं ओळखू येतं. दुपारी बाराच्या उन्हात सगळं सपाट दिसतं, म्हणून इथं साडेदहाच्या आत पोचायचा प्रयत्न करा. हात फिरवू नका. हजारो हातांनीच ती झीज झालीय.

पाणी इथं भरून घ्या. शाळेत किंवा देवळात विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. कट्ट्यावरचे आजोबा विचारतील, 'कुठलं म्हणायचं पाव्हणं?' पुण्याचं सांगितलंत की पुढचा प्रश्न ठरलेला, 'आणि गाडी?' गाडी असूनही सायकलवर आलात हे पटवून देण्याच्या भानगडीत पडू नका.

खाली उतरून कालव्यावर

लोणी भापकरहून वडगाव निंबाळकर किंवा कोऱ्हाळ्याच्या बाजूला उतरा. हा उतार हलका आहे, पण नजर उघडी ठेवा, कारण या फेरीतली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट इथं घडते आणि तिला पाटी नाही. डोळ्यासमोर पिवळा माळ असतो, कुसळी गवत, एखादी बोर, आणि अचानक एक आडवी गर्द हिरवी भिंत. कालवा ओलांडला की हवेत ओल येते, तापमान उतरतं. पुलाच्या अलीकडं कोरडवाहू बाजरी, पलीकडं डोक्यावरून जाणारा ऊस.

पुलाच्या आधीच उजवीकडं भरावावर वळलात तर वरच्या काठाला लागाल. रुंद रस्ता पलीकडं आहे, तेव्हा पूल ओलांडून मग उजवीकडं, पाण्याच्या उलट दिशेला. इथून नीरा गावापर्यंत बराचसा भाग भरावावरून होतो. नीरा-बारामती डांबरी रस्ता साधारण समांतर चालतो, म्हणजे कंटाळा आला, पंक्चर झालं किंवा अंधारायला लागलं तर तो फार लांब नसतो. करंजेपूल, सोमेश्वरनगर, निंबूत ही गावं मधे लागतात. सोमेश्वरनगर जवळ आल्याचं नाकाला आधी कळतं, मळीच्या वासानं. कारखान्याला नाव दिलंय ते करंज्याच्या सोमेश्वराचं. देऊळ भरावापासून थोडी वाकडी वाट करून बघता येतं, श्रावणी सोमवार सोडून.

भरावावर सायकल चालवायची पद्धत सांगतो. जीपच्या दोन चाकोऱ्या असतात आणि मधे गवत. नदीकडच्या चाकोरीत राहा, पाण्याकडच्या नको. कधी घसरलात तर उसात पडलेलं बरं. चाकोरीत पाचटाचा थर असेल तर खाली खड्डा असू शकतो, ब्रेक आधी दाबा, वर गेल्यावर दाबू नका. फाट्याच्या दरवाजाजवळ लोखंडी चाक, साखळ्या आणि चिखल ठरलेला, तिथं उतरूनच जायचं. दिवसाढवळ्या भरावावर कुणी झोपलेलं दिसलं तर घंटा वाजवू नका. तो रात्रभर उसाला दारं धरून, म्हणजे पाणी देऊन आलेला असतो.

तुमच्या खाली जो ऊस उभा आहे त्यातला बराचसा ८६०३२ जातीचा असेल. ही जात नीरेपलीकडच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं शेतकऱ्यांपर्यंत आणली, 'नीरा' याच नावानं. केंद्र १९३२ पासून आहे. आणि कोणत्या शेताला कधी, किती पाणी, हे गट पाडून ठरवण्याची ब्लॉक पद्धत विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कालव्यावर लावली. एवढ्या छोट्या पट्ट्यात एवढा अभ्यास झालाय, आणि तरी पाळीवरून भांडणं व्हायची ती होतातच. वडील सांगायचे, दरवाजा एक बोट जास्त उघडला तरी दुसऱ्या दिवशी दारात दहा माणसं.

सूर्य कलायला लागला की उसाच्या आतल्या वाटा सोडा. बिबट्याच्या बातम्या या पट्ट्यातही येतात, आणि तसंही अंधारात पाट, चारी आणि खड्डा सारखेच दिसतात.

नीरा आणि परत

नीरा गावात दत्त घाटावर जा. वारीत माउलींच्या पादुकांना इथं नदीत स्नान घालतात आणि मग पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. एरवी घाट शांत असतो. पायऱ्यांवर बसून पाय सोडा, पण पाण्याचा अंदाज घेऊन, कारण वरून वीर धरणातून विसर्ग वाढला तर पातळी लवकर चढते.

नीरेहून जेजुरीला परत जायला वाल्ह्यावरून पालखी महामार्ग आहे. त्यावर दौंडज खिंडीचा चढ लागतो. चढ फार नाही, पण दिवसभरानंतर लागतो तो लागतोच, आणि वाहनं भरधाव असतात. अंधार पडायच्या आत खिंड ओलांडता येत नसेल तर हट्ट करू नका. नीरा स्टेशनवर सायकल उघडून पिशवीत घाला किंवा टेम्पो विचारा. वाल्हे म्हणजे वाल्या कोळ्याचं, वाल्मीकींचं गाव अशी श्रद्धा आहे. वेळ असेल तर थांबा, नसेल तर पुन्हा कधी.

घरी गेल्यावर आधी टायर बघा. सराट्याचे काटे नखानं दिसेल तसे उपटू नका. एक काढायचा, ते भोक खाली येईल असं चाक फिरवून सीलंट बसू द्यायचं, फेस थांबला की पुढचा. ट्यूब असेल तर काटे काढण्याआधी खडूनं जागा खुणावून ठेवा. चेनवरची माळाची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा, मग तेल. उलट क्रमानं केलंत तर ग्राइंडिंग पेस्ट तयार होते.

आणि पाय शिल्लक असणाऱ्यांसाठी: कोऱ्हाळ्याच्या पुलावरून नीरेकडं न वळता पाण्याबरोबर पूर्वेला निघालात तर कालवा बारामती शहरातून इंदापूर तालुक्यात जातो. तिथून पुढं कालवा सोडून गावरस्त्यांनी नीरा-नरसिंहपूर गाठायचं, जिथं नीरा भीमेला मिळते आणि संगमावर लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ आहे. त्याला दोन दिवस धरा आणि मुक्काम बारामतीत करा. त्या बाजूला माळ डावीकडं, ऊस उजवीकडं.